कुणाच्या बाजूचं?

सत्तावीस वर्षं मी लोकांच्या खानदानांची चित्रं काढली. चित्रं म्हणजे चौकोन, वर्तुळं आणि रेघा. नांदेडच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात आनुवंशिक आजारांचा दोन खोल्यांचा विभाग होता. तिथं डॉक्टर मॅडम, रक्त घेणाऱ्या सिस्टर आणि समाजसेविका म्हणून मी, एवढीच माणसं. माझ्या कामाला कागदावर लांबलचक नाव होतं. बाकीचा दवाखाना मला 'खानदानवाल्या बाई' म्हणायचा. मला ते नाव आवडायचं.

काम दिसायला सोपं. पुरुष असेल तर चौकोन, बाई असेल तर वर्तुळ. दोघांना जोडणारी आडवी रेघ म्हणजे लग्न, तिच्यातून खाली उतरतात ती लेकरं. मामा-भाचीचं लग्न असेल तर आडवी रेघ दुहेरी काढायची. देगलूर, बिलोलीकडची माणसं आली की मी आधीच पट्टी काढून ठेवायचे. आजार असलेल्याला आतून काळं करायचं, मेलेल्यावर तिरकी काट मारायची. तीन पिढ्यांचा कागद पुरा झाला की आजार कुठल्या वाटेनं उतरत आला ते पुष्कळदा रक्त तपासण्याआधीच डोळ्यांना दिसतं.

अवघड एवढंच, की लोक खोटं सांगतात. दुहेरी रेघ कुणी लपवत नाही, ती अभिमानानं सांगतात. लपवतात ते पहिलं लग्न, वेड लागलेला भाऊ, घर सोडून गेलेला चुलता. देगलूरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला पाच लेकरं सांगितली. सही-अंगठा झाला, बाई दारापर्यंत गेल्या आणि माघारी आल्या. "सात लिवा," म्हणाल्या, "दोन पाळण्यातच गेली. मोजायची सवय राहिली न्हाई." त्या दोन लेकरांमुळेच आम्हाला त्यांच्या नातवाच्या आजाराचा पत्ता लागला. तेव्हापासून माणूस दारापर्यंत जाऊन माघारी येईल एवढा वेळ मी नेहमी देत आले.

या सगळ्या कागदांमधला एकच असा आहे, की तो मी बरोबर काढला की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यातल्या माणसांची नावं इथं बदलली आहेत. त्यांना हे वाचून दाखवलं आहे.

तीन-चार वर्षांपूर्वी लातूरहून एक कुटुंब आलं. बसवराज, वय बावन्न, कपाळावर विभूती, स्वतःची डाळमिल. त्यांची बायको महानंदा, माहेर उदगीरचं. आई गंगाबाई, सत्तरी ओलांडलेली. आणि चौथं, तेवीस वर्षांचं त्यांचं मोठं लेकरू. केस कापलेले, ढगळ शर्ट, बी.फार्म. झालेलं, लातूरलाच एका मेडिकलमध्ये कामाला.

"पेशंट कोण?" मी विचारलं.

"ही," बसवराज म्हणाले.

"मी," ते लेकरू म्हणालं.

नाव विचारलं तर दोन आली. वडिलांनी श्रावणी सांगितलं. त्यानं श्रेयस सांगितलं. मी दोन्ही लिहून घेतली.

बसवराजांचं मागणं साधं होतं. "हिचं रक्त तपासा. ही स्वतःला मुलगा म्हणून घेते. आमच्या खानदानात असलं कधी झालं न्हाई. कुणाच्या बाजूनं आलं तेवढं लिहून द्या."

'कुणाच्या बाजूनं' म्हणताना त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही. गंगाबाईंनी पाहिलं. महानंदा मांडीवरच्या पिशवीचे बंद गुंडाळत बसल्या होत्या. घरात हा निकाल आधीच लागलेला होता, त्यावर आमचा शिक्का तेवढा हवा होता.

मग श्रेयस म्हणाला, "मलापण लिहूनच पाहिजे, मॅडम. माझ्या जनुकांतच हे आहे, मी नाटक करून राहिलो नाही, एवढं लिहा. मग घरात कुणी काही म्हणणार नाही."

बापलेक भांडत आले होते आणि दोघांना एकच कागद हवा होता. आमच्याकडे तो नव्हता.

डॉक्टर मॅडमनी ते त्याच दिवशी सांगितलं. त्या बोलायला मोजक्या. म्हणाल्या, "आपण पुरुष की बाई, ही आतली जाणीव कशी घडते ते विज्ञानाला अजून पुरतं कळलेलं नाही. जनुकांचा काही वाटा असावा असं वाटतं. एकाच घरात, जुळ्यांमध्ये, कधीकधी तसा धागा दिसतो. पण एकच एक जनुक नाही. पोटात असतानाची हार्मोन्स असतील, आणखी पुष्कळ काही असेल. डावखुरेपणासारखं समजा. तो कधी घरात उतरतो, कधी नाही. एकसारख्या जुळ्यांतलासुद्धा एक डावखुरा निघतो, एक उजवा. म्हणून डावखुऱ्याचं कुणी रक्त काढत नाही. तो कोणत्या हातानं लिहितो ते बघतात."

बसवराज म्हणाले, "डाळीत खडा निघाला तर तो कोणत्या पोत्यातला ते माझा हमाल सांगतो. तुमच्याकडं एवढ्या मशिनी हायेत."

"हा खडा नाही," मॅडम म्हणाल्या.

तरी बसवराजांनी हट्ट धरला. श्रेयसनंही धरला. शेवटी गुणसूत्रांची तपासणी करायचं ठरलं, आणि नियमाप्रमाणे मी खानदानाचा कागद पुढं ओढला.

महानंदांनी त्यांची बाजू दहा मिनिटांत सांगितली. चार भाऊ, दोन मावश्या, फिट येणारा एक मामा, काही राखून न ठेवता. आपली झडती चालली आहे आणि झडतीत काही सापडणार नाही, हे ठाऊक असलेल्या माणसासारखं त्या सांगत होत्या. बसवराजांच्या बाजूला मंडळी थोडी. वडील वारलेले. वडिलांना एकच बहीण, नागम्मा.

"मी तान्हा होतो तेव्हाच विहिरीत पडून गेली," ते म्हणाले.

मी वर्तुळ काढलं आणि त्यावर काट मारली. मग खाली आले. तिथं श्रेयसचा चौकोन काढला आणि त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं, 'जन्मनोंद मुलगी'. मॅडमनी आम्हाला तसंच शिकवलं होतं. माणूस स्वतःला जे सांगतो तो आकार, आणि जन्माची नोंद खाली.

बसवराजांनी कागद उलटा पाहूनही ओळखलं. "चौकोन कामून काढला?"

"पद्धत आहे."

"वर्तुळ काढा."

"साहेब, हा कागद पेशंटचा आहे," मी म्हटलं. ते उठले आणि मिलचा फोन आल्याचं सांगून बाहेर गेले. फोन वाजलेला मी ऐकला नव्हता. पाठोपाठ श्रेयसला सिस्टर रक्तासाठी घेऊन गेल्या, महानंदाही गेल्या. गंगाबाई बसून राहिल्या. गळ्यातल्या इष्टलिंगाच्या डबीवर त्यांचा हात होता.

"बाई," त्या म्हणाल्या, "ती काट खोडा."

मी पेन खाली ठेवलं.

"नागम्मा मेली न्हाई. धर्माबादला हाय. बाप्या म्हणून हाय. समदा गाव नागप्पा म्हणतो."

त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं ते असं. नागम्मा आणि त्या एकाच वयाच्या, नणंद-भावजय. नागम्मा लहानपणापासून भावाचं धोतर गुंडाळून फिरायची. सतरा-अठराव्या वर्षी निलंग्याकडं लग्न लावून दिलं, अकराव्या दिवशी परत आली. पुन्हा पाठवली, पुन्हा आली. मग एके दिवशी विहिरीच्या काठावर तिचं लुगडं सापडलं. ते लुगडं तिथं ठेवणारा तिचा भाऊ, म्हणजे गंगाबाईंचे मालक. त्यानंच तिला आदल्या दिवशी धर्माबादला एका व्यापाऱ्याकडं पोचवलं होतं.

"मग सुनेला का बोल लावता?" मी विचारलं.

गंगाबाईंनी एकदा दाराकडं पाहिलं. "आमच्या बाजूचं म्हणलं तर धाकट्या नातवाला पोरगी कोण देईल?" त्या म्हणाल्या. "तिच्या माहेरात आता कुणाचं लगीन राहिलं न्हाई."

पावलं वाजली. त्यांनी पदर सावरला आणि तोंड मिटलं.

मी मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "त्यानं काही सिद्ध होत नाही. वर एक आणि खाली एक. कोणत्याही दोन ठिपक्यांमधून रेघ जाते." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "आणि त्या माणसाला विचारल्याशिवाय त्याच्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही."

तेव्हा विचारायला मी धर्माबादला गेले. चुकीची काट असलेला कागद फाइलला लावायचा नाही, हे कारण मी रजेच्या अर्जात दिलं. खरं कारण कुतूहल होतं, आणि खानदानवाल्या बाईंना ते असतंच.

सकाळच्या गाडीनं गेले. स्टेशनाबाहेर नाव सांगितल्याबरोबर रिक्षावाल्यानं घर दाखवलं. नागप्पा मिरचीच्या बाजारात मापाडी होते, म्हणजे शेतकरी आणि व्यापारी यांच्यामध्ये काट्याजवळ उभा राहून माल मोजणारा माणूस. नुकतंच काम सोडलेलं. ठेंगणी, कोरडी मूर्ती, पांढरं धोतर, बंडी, डोक्याला टोपी. दाढीमिशा नव्हत्या, पण तशी पुष्कळ माणसं असतात. ओट्यावर शेजारणीशी तेलुगूत बोलत बसले होते. मला पाहून मराठीत आले.

लातूरचं नाव काढताच त्यांनी शेजारणीला घरी पाठवलं. मी सगळं सांगितलं. मध्ये एकदाही त्यांनी अडवलं नाही.

"म्हणजे हे रक्तातून येतं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. थोडंफार येत असेल. कुणालाच नीट माहीत नाही."

"मग एवढ्या लांब कशाला आलात?"

मी नागम्माच्या वर्तुळावरच्या काटेचं सांगितलं. ते हसले. "राहू द्या की. नागम्मा मेली, हे खोटं कुठं हाय? भावानंच मारलं, भावानंच जगवलं. दर साली मिरचीच्या हंगामाला यायचा. चार दिवस ऱ्हायचा, लोकांना चुलतभाऊ सांगायचा. तो गेल्याला बारा वर्षं झाली."

मग त्यांनी श्रेयसची चौकशी केली. शिकलाय काय, काम करतो काय. मी आल्यापासून तो कोण, काय, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. 'मुलगा' म्हटलं, ते त्यांनी तसंच उचललं.

"घरात जेवायला बोलावतात का त्याला? सगळ्यांच्या पंगतीत?"

"आता नाही. ताट खोलीत देतात."

ते उठले, आत जाऊन पाणी पिऊन आले. "त्या पोराला सांगा मी हाय म्हणून. पत्ता द्या. दुसऱ्या कुणाला न्हाई. मी जित्ता असेस्तोवर न्हाई. इथं मला चाळीस वर्षं लोकांनी काट्याजवळ उभं केलंय, हा माणूस खोटं सांगत न्हाई म्हणून. ते जायला नको."

मी शब्द दिला. कागदावरची काट तशीच राहिली.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. गुणसूत्रं सर्वसाधारण, जन्मनोंदीशी जुळणारी. मॅडमनी आधीच सांगितलं होतं तसंच. चौघं पुन्हा आली. बसवराज म्हणाले, "म्हणजे हिला काहीच न्हाई. नाटकच हाय."

"डावखुऱ्याचंही रक्त असंच येतं," मॅडम म्हणाल्या. "आजार नाही एवढं रिपोर्ट सांगतो. आजार नाहीच आहे. तुमचं लेकरू काय सांगतंय ते रिपोर्टमध्ये लिहून येत नाही, ते त्याच्याकडूनच ऐकावं लागतं."

"आन् बाजू?"

"कोणतीच बाजू सांगता येत नाही."

महानंदा त्या दिवशी पहिल्यांदा बोलल्या. "मंजे माज्या माहेरचं न्हाई?"

"असं कुठंही निघालेलं नाही," मॅडम म्हणाल्या.

"पण न्हाईच असंबी निघालेलं न्हाई," बसवराज म्हणाले. महानंदा परत पिशवीचे बंद गुंडाळू लागल्या. मी गंगाबाईंकडं पाहत होते. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. माझ्या समोरच्या फाइलमध्ये तो कागद होता, आणि त्या खोलीत खरं माहीत असलेल्या बायका तीन. तिघींपैकी कुणीही काही बोललं नाही.

बसवराज गाडी काढायला गेले तेव्हा मी श्रेयसला थांबवलं आणि नागप्पांचं सांगितलं. आधी त्याला पटेना. मग त्यानं विचारलं, "धोतर नेसतात?" मी हो म्हटलं. "आणि लोक काय म्हणतात?" "अण्णा म्हणतात." तो खुर्चीत बसला. रिपोर्टची प्रत त्याच्या हातात होती. मी समजावू लागले, की एकाच घरात दोघं निघाले म्हणून काही सिद्ध होत नाही. त्यानं अर्ध्यातच थांबवलं. "ते असू द्या मॅडम. पत्ता सांगा." मी सांगितलेला पत्ता त्यानं त्या रिपोर्टच्याच मागं लिहून घेतला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. दोनच महिन्यांत श्रेयसनं लातूरची नोकरी सोडली आणि धर्माबादला एका मेडिकलमध्ये लागला. राहायला नागप्पांकडं. लोकांना नातू सांगितलं, लोकांनी मान्य केलं. त्याचा कधीतरी फोन यायचा. म्हातारा त्याला तेलुगू शिकवत होता, आणि धोतर नेसायला लावून हसत होता. दवाखान्याचे पुढचे उपचार त्यानं हैदराबादला सुरू केले. ते मॅडमच्या चिठ्ठीवर, आमच्या रिपोर्टवर नाही.

लातूरला मात्र उलट झालं. लेकरू घर सोडून गेलं याचाही दोष महानंदांवरच आला. त्यांना उदगीरला माहेरी धाडलं, 'थोडे दिवस' म्हणून. ते थोडे दिवस दोन वर्षं झाले. श्रेयसनं फोनवर सांगितलं तेव्हा मी त्याला म्हटलं, "तू सांग ना आईला." तो म्हणाला, "आजोबांना शब्द दिलाय." मीही दिला होता. दिलेला शब्द पाळायचा, हाच नियम मी आयुष्यभर नव्या मुलींना शिकवला, आणि आजही मोडणार नाही. पण गंगाबाईंनी कुणाला शब्द दिलेला नव्हता. त्यांना मी आणखी एकदा एकटीला बोलावून बसवायला हवं होतं. सात लेकरांवाल्या बाई माघारी आल्या तशा त्या येतील, म्हणून मी वाट पाहत राहिले. माणसाच्या मागं जाणं माझ्या कामात बसत नव्हतं. त्याच सुमारास मी रिटायर झाले.

गेल्या वर्षी नागप्पा गेले. झोपेतच गेले. श्रेयसनं एकच फोन लातूरला केला, आजीला. गंगाबाई मुलाला घेऊन निघाल्या. कुठं ते सांगितलं नाही, मयतीला चल म्हणाल्या. धर्माबादला ओट्यासमोर निम्मा मिरचीबाजार जमला होता. लिंगायतांत बसवून पुरतात. नागप्पांना धोतर, टोपी घालून बसवलं होतं. श्रेयस पुढं होता. गंगाबाईंनी बसवराजांना सगळ्यांदेखत सांगितलं, "हा तुजा काका. तुज्या बापाचा सख्खा." माती द्यायची वेळ आली तेव्हा बसवराज पुढं झाले आणि दिली, असं श्रेयसनं आईला सांगितलं. जाताना त्याच्याशी बोलले नाहीत. पण आठच दिवसांत त्यांनी उदगीरला गाडी पाठवली.

हे सगळं मला महानंदांनीच माझ्या घरी येऊन सांगितलं. या उन्हाळ्यातली गोष्ट. मी दार उघडलं तेव्हा मला त्यांना ओळखायला वेळ लागला, बारीक झाल्या होत्या. पाणी घेतलं, चहा नको म्हणाल्या.

"तुम्हाला म्हाईत होतं?"

"होतं."

"कवापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यांनी मान हलवली. त्या रागावतील याची मी वाट पाहत होते. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"सासूबाई उदगीरला आल्या, पाय धरले माजे," त्या म्हणाल्या. "म्या सोडवून घेतले. दोन वर्सं भावजयांच्या हाताखाली काढली मॅडम, मी. माज्याच पोटाला काय लागलं म्हणून इचार करून करून." मग थोडं थांबून म्हणाल्या, "तुमचा नेम होता म्हणा."

"होता."

"चांगला हाय का नेम?"

"नागप्पांसाठी चांगला होता," मी म्हटलं. "तुमच्यासाठी नव्हता."

हे उत्तर त्यांना पटलं की नाही ते कळलं नाही. त्यांनी ते नाकारलं नाही. मी विचारलं, लातूरला कधी परतलात. त्या म्हणाल्या, "गाडी आली तवा बसले. उदगीर सुटलं न्हवतं, तोवरच डायवरला म्हणलं, लातूर ऱ्हाऊ दे, धर्माबादला घे. मालकाला फोन करून सांगितलं, मी पोरापाशी हाय. यायचं तर तिकडं या. अजून आले न्हाईत. फोन करतात रोज."

आजही तिकडंच निघाल्या होत्या. नांदेडला कुण्या नातलगाचं बारसं उरकून गाडीला तासभर होता म्हणून आल्या होत्या. मी स्टेशनापर्यंत सोडायला गेले. फलाटावर बसलो असताना त्यांच्या फोनची रिंग वाजली. पडद्यावर कुणाचं नाव आलं ते मी पाहिलं नाही. त्यांनी फोन कानाला लावला.

"अगं," म्हणाल्या, आणि थांबल्या. डोळे मिटून एक श्वास घेतला.

"अरे, निघाले मी. भाकरी बांधून घेतल्यात. तू नुसती आमटी टाक, आन् जेवायचं थांब माज्यासाठी."